जुन्या छायाचित्रांतील सेंट मायकेलचे चर्च

देवालय हे गावाचे भूषण होय. ते बांधणारे हात काळाच्या उदरात गडप होतात, परंतु वास्तू पिढ्यान्‌पिढ्या उभी राहते. मात्र वास्तूलाही आयुष्य असते. ती नाहीशी झाल्यास तिचे रूप पुढील पिढीस कसे कळावे? या प्रश्नाचे उत्तर इंग्लंडमधील एका प्राचीन चर्चच्या इतिहासात सापडते. धर्म व देश निराळे असले तरी जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी तो इतिहास बोधप्रद ठरावा.

इंग्लंडच्या मध्यभागी कॉव्हेंट्री नावाचे शहर आहे. तेथील सेंट मायकेलचे चर्च मुख्यतः चौदाव्या व पंधराव्या शतकात बांधले गेले. त्या काळी हे शहर लोकर व कापडाच्या व्यापारामुळे सधन होते. चर्चचा निमुळता दगडी मनोरा सुमारे २९५ फूट उंच आहे. आपल्याकडे जसे ग्रामदैवताचे मंदिर, तसे ते तेथील वस्तीचे चर्च होते. १९१८ साली त्यास कॅथीड्रल, म्हणजे बिशपच्या मुख्य चर्चचा, दर्जा मिळाला.

जुन्या छायाचित्रांत दगडी खांबांच्या सडपातळ रांगा, वर लाकडी छत व दोन्ही बाजूंस उंच खिडक्या दिसतात. दि. १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी शहरावर आगलावे बाँब टाकले. चर्चचे प्रमुख धर्मगुरू रिचर्ड हॉवर्ड, पाथरवट जॉक फोर्ब्स व दोन तरुण छतावर चढून आगीशी झुंजले. पुढे पाणीही संपले. १८८५ ते १८९० च्या जीर्णोद्धारात छताच्या आधारासाठी बसविलेल्या लोखंडी तुळया उष्णतेने वाकल्या व खांबांसह छत खाली आले. मनोरा व बाहेरच्या भिंती तेवढ्या उरल्या. प्राचीन रंगीत काचा मात्र युद्धारंभी, १९३९ सालीच, उतरवून ठेवल्याने वाचल्या.

नंतरच्या छायाचित्रांत त्याच जागी दगडमातीचे ढीग व वर उघडे आकाश दिसते. दोन्ही छायाचित्रे शेजारी ठेवली म्हणजे किती गेले व काय उरले, याचा हिशेब एका दृष्टिक्षेपात कळतो. असा विध्वंस पाहून १९४१ साली इंग्लंडमध्ये ‘नॅशनल बिल्डिंग्ज रेकॉर्ड’ ही संस्था स्थापन झाली. वास्तू पडण्यापूर्वीच तिची छायाचित्रे व मोजमापे घेऊन ठेवणे, हे तिचे काम. वॉल्टर गॉडफ्रे हे तिचे पहिले संचालक होते.

पुढे वास्तुशिल्पी बेसिल स्पेन्स यांनी जुने अवशेष न पाडता त्यांना लागूनच नवे कॅथीड्रल उभारले. दि. २५ मे १९६२ रोजी त्याचे विधिपूर्वक समर्पण झाले. जळालेल्या दोन तुळयांचा क्रूसही तेथे जपला गेला.

आपल्याही मंदिराचे जुने रूप आता बदलले आहे. ज्यांच्या घरी जुना सभामंडप, गाभारा, दीपमाळ, यात्रा वा लग्नकार्य यांची छायाचित्रे असतील, त्यांनी ती ट्रंकेत पडू देऊ नयेत. मागे साल व व्यक्तींची नावे लिहून एक प्रत मंदिराच्या दप्तरी द्यावी. देणगीदारांबरोबर गवंडी, सुतार व पाथरवट यांचीही नोंद राहावी. रोख देणगीइतकीच ही देणगीही मोलाची आहे. ती देण्याची सद्‌बुद्धी सर्वांस लाभो, हीच श्रीचरणी प्रार्थना.