रन

रन : इंग्रजीतील क्रियापद व नाम. मूळ अर्थ धावणे. जुन्या इंग्रजीतील ‘रिनन’ आणि जुन्या नॉर्समधील ‘रेन्ना’ ही त्याची पूर्वरूपे. जर्मन ‘रेनेन’ हे भावंड. ऑक्सफर्डच्या बृहत्कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत सर्वांत लांबलचक नोंद ‘सेट’ची होती. पुढच्या फेरसंपादनात, २०११ च्या सुमारास, ‘रन’ने तिला मागे टाकले. नुसत्या क्रियापदाचेच अर्थ ६४५ भरले. ते लावायला पीटर गिलिव्हर या कोशकाराला सुमारे नऊ महिने लागले.

अर्थांचा हा पसारा मराठी माणसाला चटकन उमगतो, कारण आपल्या ‘चालणे’चा संसारही असाच वाढलेला आहे. इंग्रजी जिथे पळते तिथे मराठी बहुधा चालते. यंत्र, दुकान, सरकार, रंगभूमीवरचे नाटक, सगळे इंग्रजीत ‘रन’ आणि मराठीत ‘चालते’. पातळ पदार्थ मात्र चालत नाहीत : नदी वाहते, नाक गळते, धुण्यात कपड्याचा रंग जातो, इंग्रजीला तिन्हींसाठी ‘रन’ पुरतो. निवडणुकीत अमेरिकी उमेदवार धावतो, ब्रिटिश उभा राहतो. आपणही उभेच राहतो.

वाक्प्रचारांत जुने इतिहास दडले आहेत. ‘रन द गाँटलेट’मधला गाँटलेट म्हणजे हातमोजा नव्हे. दोन रांगांतले शिपाई मधून पळणाऱ्या गुन्हेगाराला झोडपत. या शिक्षेचे स्वीडिश नाव ‘गाटलोप’, म्हणजे गल्लीतली धाव. सतराव्या शतकात ते इंग्रजीत आले आणि ओळखीच्या हातमोज्याच्या शब्दात मिसळून गेले. ‘रन अमोक’ मलाय ‘आमुक’वरून, बेभान होऊन दिसेल त्यावर तुटून पडणे, आपल्या ‘अमुक-तमुक’शी त्याचे नाते नाही. ‘रन रायट’ शिकारीतला : भलत्याच वासामागे भरकटलेले कुत्रे. ‘रन ऑफ द मिल’ म्हणजे गिरणीतून प्रतवारी न होता निघालेला माल, त्यावरून सर्वसाधारण.

क्रिकेटमधला ‘रन’ पूर्वी ‘नॉच’ होता, कारण गुणलेखक काठीवर खाचा पाडत. मराठीने त्याची ‘धाव’ केली. धावबाद, धावफलक, धावसंख्या ही तिची प्रजा. विमानाची धावपट्टी वेगळ्या घरची. बैलगाडीच्या चाकावरच्या लोखंडी पट्ट्यालाही धावच म्हणतात. आणि ‘धावा’ फलंदाज करतो तसा संकटात सापडलेला भक्तही करतो, फक्त त्याचा एकवचनी असतो.