दिवाळें आणि धर्मबुद्धि

दिवाळें काढणें हें पाप आहे काय, या प्रश्नाचें उत्तर कायद्याच्या पुस्तकांत सांपडत नाहीं. ऋणकोची सुटका केव्हां व्हावी एवढेंच कायदा सांगतो. सुटलेल्यानें चारचौघांत मान वर करावी कीं नाहीं, हें सांगणें धर्माचें काम. ख्रिस्ती धर्मग्रंथांत मात्र याविषयीं दोन स्वर ऐकूं येतात. सदतिसाव्या स्तोत्रांत कर्ज घेऊन तें न फेडणारा दुर्जनांत गणला आहे. उलट ‘अनुवाद’ या ग्रंथाच्या पंधराव्या अध्यायांत, दर सातव्या वर्षीं आपल्या बांधवाचें ऋण सोडून द्यावें, अशी आज्ञा खुद्द धनकोलाच आहे.

या दोन स्वरांचा झगडा इंग्लंडांतील क्वेकर पंथाच्या इतिहासांत विशेष स्पष्ट दिसतो. अठराव्या शतकाच्या आरंभीं, राणी अ‍ॅनच्या कारकीर्दींत, प्रामाणिक दिवाळखोरास उरलेल्या कर्जांतून मुक्त करण्याची सोय झाली. त्याच कायद्यानें मालमत्ता दडविणारास देहान्ताची शिक्षाहि ठरविली. क्वेकरांना एवढ्यानें समाधान नव्हतें. कायद्यानें सुटलेल्या सभासदानेंहि पुढें ऐपत येतांच राहिलेलें देणें फेडलें पाहिजे, असा त्यांचा दंडक होता. आणि दिवाळें निघालेल्या सभासदास ते पंथाबाहेरहि काढीत.

१८२८ च्या नोव्हेंबरांत हा प्रसंग एका थोर घरावर आला. न्यूगेटच्या तुरुंगांतील स्त्रियांसाठीं झटणाऱ्या एलिझाबेथ फ्राय यांचे पति जोसेफ यांची पेढी बुडाली. प्लॅशेट येथील राहतें घर सोडावें लागलें. पेढीचा पैसा बाईंच्या दानधर्मांत गेला, अशी कुजबूज सुरू झाली. १८२९ सालीं पंथानें जोसेफ यांना बहिष्कृत केलें. बाई पंथांतच राहिल्या. त्यांनीं आपलें कार्यहि सोडलें नाहीं.

या निष्ठुरतेस निव्वळ क्रौर्य म्हणतां येणार नाहीं. पेढीवाल्याचें कर्ज म्हणजे दुसऱ्यांची ठेव. तो बुडाला कीं विश्वासानें पैसा ठेवणारेहि बुडतात. त्यांचा कैवार कोणी तरी घ्यावयास हवाच होता. परंतु शिक्षेच्या भयानें माणूस प्रामाणिक होतोच असें नाहीं. पुष्कळदां तो केवळ आपलें दिवाळें झांकूं लागतो. बाईंच्या माहेरच्या गर्नी घराण्याशीं संबंधित ओव्हरेंड-गर्नी या पेढीनें आपला मोठा तोटा उघड न करतां १८६५ सालीं लोकांस भाग विकले आणि १८६६ च्या मे महिन्यांत ती कोसळली. १८६९ सालीं न्यायालयानें तिच्या चालकांना निर्दोष सोडलें, तरी भागीदारांचें नुकसान व्हावयाचें तें झालेंच.

या दोन घटना शेजारीं ठेवल्या म्हणजे पाप कोठें आहे तें दिसूं लागतें. आपणांस देतां येत नाहीं हें कबूल करण्यांत तें नाहीं; देतां येणार नाहीं हें ठाऊक असतां घेत राहण्यांत तें आहे. आणि मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील चाकराचा दृष्टान्त धनकोनेंहि विसरूं नये. धन्यानें ज्याचें अपार ऋण माफ केलें, त्यानेंच आपल्या सोबत्याचा थोड्याशा पैशांसाठीं गळा धरला. आणि त्या कथेंत अखेर शिक्षा झाली ती त्यालाच.