मधुमेहाची आयुर्वेदीय चिकित्सा

मधुमेहाची आयुर्वेदीय चिकित्सा म्हणजे आहार, व्यायाम, शोधन व औषधी यांच्या साहाय्याने मधुमेह आटोक्यात ठेवण्याची पद्धती होय. आयुर्वेदात त्याचा विचार प्रमेह या व्याधिगटात केला जातो. मराठवाड्यात नांदेड येथील शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आणि लातूर जिल्ह्यातील उदगीर येथील धन्वंतरी आयुर्वेद महाविद्यालय येथे या शास्त्राचे अध्यापन होते.

ग्रंथोक्त विचार

चरकसंहितेत प्रमेहाचे २० प्रकार सांगितले आहेत : कफज १०, पित्तज ६ व वातज ४. कफज साध्य, पित्तज याप्य (उपचाराने केवळ काबूत राहणारे) आणि वातज असाध्य मानले आहेत. मधुमेह वातजांत मोडतो. बीजदोषाने, म्हणजे मातापित्यांकडून आलेला प्रमेहही असाध्यच म्हटला आहे. 'मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिरातींना त्यामुळे मूळ ग्रंथांचाच आधार उरत नाही. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वयेही त्यांना मनाई आहे.

सुश्रुताने सहज व अपथ्यजन्य असे दोन भेद केले. पहिल्यातील रुग्ण कृश, तर दुसऱ्यातील बहुधा स्थूल असतो. आजच्या प्रकार १ व प्रकार २ शी हे वर्णन बरेच जुळते, तंतोतंत मात्र नाही. निर्धन रुग्णाने अनवाणी, भिक्षान्नावर राहून शंभर योजने चालावे किंवा विहीर खणावी, असे तो सांगतो; कृश रुग्णाला मात्र जपण्यास बजावतो. हा भेद आजही महत्त्वाचा आहे.

आहार व औषधी

ग्रंथांत जव, मूग व कडू भाज्यांवर भर आहे. नवे धान्य, दही, गुळाचे पदार्थ, बैठे सुख व अतिनिद्रा वर्ज्य आहेत. मराठवाड्याच्या ताटात जवाऐवजी ज्वारीची भाकरी असते. भाकरीतही पिष्ट असतेच, हे पुष्कळदा विसरले जाते. अष्टांगहृदयाने हळद व आवळा यांना प्रमेहावर श्रेष्ठ मानले आहे. गुडमार, विजयसार, जांभळाची बी, कारले व मेथी यांचाही वापर होतो. यांपैकी काहींनी रक्तशर्करा थोडीफार उतरल्याचे छोट्या अभ्यासांत आढळले आहे. परंतु त्यामुळे ती इन्सुलिनची जागा घेऊ शकत नाहीत.

दक्षता

प्रकार १ च्या रुग्णाने इन्सुलिन थांबविल्यास काही दिवसांतच रक्त आम्लधर्मी होऊन प्राणावर बेतते. चालू गोळ्यांसोबत काढा वा चूर्ण घेतल्यास साखर एकाएकी उतरू शकते. घाम, थरथर व भोवळ ही त्याची लक्षणे होत. म्हणून दोन्ही वैद्यकांना परस्परांची औषधे कळविणे आवश्यक ठरते. धातुभस्मयुक्त रसौषधी सदोष बनलेल्या असल्यास मूत्रपिंडास अपाय होतो. उपचाराचा परिणाम लघवीला मुंग्या लागतात की नाही यावरून नव्हे, तर सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखविणाऱ्या एचबीए१सी तपासणीवरून पाहिला जातो.