क्लिंटन येथील शालाप्रकरण

जोतीराव फुले यांनीं 'गुलामगिरी' हा ग्रंथ सन १८७३ मध्यें अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या लोकांस अर्पण केला, हें वाचकांस विदितच आहे. त्या मुक्त झालेल्यांच्या वंशजांस पुढें काय भोगावें लागलें, हें समजण्यास टेनेसी संस्थानांतील क्लिंटन या लहान गांवचें प्रकरण उपयोगी पडेल, म्हणून तें येथें देतों.

या प्रकरणाचा आरंभ सामान्यतः सन १९५६ च्या दंग्यापासून धरितात. आमच्या मतें हें बरोबर नाहीं. गांवांत गोऱ्यांचें हायस्कूल होतें. परंतु टेकडीवरील वस्तींतल्या कृष्णवर्णीय मुलांस तेथें मज्जाव असल्यामुळें त्यांस सुमारें वीस मैलांवरील नॉक्सव्हिल येथें रोज बसनें जावें लागे. याविरुद्ध सन १९५० मध्यें दावा लागला. न्यायाधीश रॉबर्ट टेलर यांनीं १९५२ त तो फेटाळला. पुढें १९५४ त सर्वोच्च न्यायालयानें शाळांतील वर्णभेद घटनाविरुद्ध ठरविला. तेव्हां १९५६ च्या जानेवारींत त्याच न्यायाधीशांस उलट हुकूम करणें भाग पडलें. दंग्यास चिथावणी देणारा जॉन कॅस्पर बाहेरून आला. हक्क मागणारीं कुटुंबें मात्र त्याच मुलखांतलीं होतीं. दंग्याच्या सहा वर्षें आधींचा दावा हाच त्याचा पुरावा होय.

२७ ऑगस्ट १९५६ रोजीं बारा मुलें त्या शाळेंत शिकूं लागलीं. सप्टेंबरांत दंगा शमविण्यास रक्षकदळ व रणगाडे आणावे लागले. ४ डिसेंबरास, मुलांस शाळेंत पोंचवून परतणाऱ्या पॉल टर्नर या गोऱ्या पाद्र्यास जबर मारहाण झाली. तरीहि १९५७ त बॉबी केन हा त्या बारांपैकीं एक विद्यार्थी तेथून उत्तीर्ण होऊन बाहेर पडला. ५ ऑक्टोबर १९५८ रोजीं स्फोटांनीं त्या शाळेची इमारत उद्ध्वस्त झाली. जीवितहानि झाली नाहीं, आणि शाळा जवळच्या ओक रिज येथें भरूं लागली.

दुसरें साधन म्हणजे टेकडीवरील ग्रीन मॅक्अडू ही कृष्णवर्णीयांची प्राथमिक शाळा. १९३५ त बांधलेली ही शाळा एकीकरणाच्या ओघांत १९६५ त बंद पडली. हक्क मिळाला, पण वस्तीची स्वतःची शाळा गेली. या लाभहानीचा जमाखर्च एकत्रच मांडला पाहिजे. २००६ पासून त्या इमारतींत संग्रहालय आहे.

ज्यांचीं नांवें सरकारी दफ्तरांत क्वचितच येतात, त्यांचा इतिहास अशा दाव्यांच्या कागदांत व शाळांच्या हजेरीपटांत सांपडतो. संग्राहकांनीं असे कागद बखरींइतक्याच काळजीनें जपावे, अशी आमची विनंति आहे.