खप चालतो, पण कुणाचा?

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सुरू झाले. पांढरकवड्याच्या वाचकांसाठी ते आपल्याच जिल्ह्यातले. त्या दिवसांतल्या बातम्या मुख्यतः तीन स्त्रियांभोवती फिरल्या. उद्घाटक म्हणून बोलावलेल्या नयनतारा सहगल यांचे निमंत्रण ऐनवेळी मागे घेतले गेले. उद्घाटन केले राजूर गावच्या शेतकरी विधवा वैशाली येडे यांनी. अध्यक्षस्थानी होत्या अरुणा ढेरे. तिघींत मुख्यतः कादंबरीकार म्हणून ओळख असलेल्या फक्त सहगल, आणि त्या इंग्रजीत लिहिणाऱ्या. मराठी कादंबरी लिहिणारी स्त्री साहित्याच्या मोठ्या व्यासपीठांवर कुठे आहे, याचे उत्तर त्या व्यासपीठांच्या याद्यांतच शोधता येते.

पहिली यादी संमेलनाध्यक्षांची. १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार सभेपासून आजवर तिच्यात सहाच स्त्रिया आहेत : कुसुमावती देशपांडे (१९६१), दुर्गा भागवत (१९७५), शांता शेळके (१९९६), विजया राजाध्यक्ष (२००१), अरुणा ढेरे (२०१९) आणि तारा भवाळकर (२०२५). त्यांची मुख्य ओळख कथा, कविता, समीक्षा, लोकसाहित्य, संशोधन यांची. कादंबरीची कुणाचीच नाही. पहिल्या अध्यक्षा कुसुमावती आपल्या वऱ्हाडातल्या, जन्म अमरावतीचा. ‘मराठी कादंबरी : पहिले शतक’ हा कादंबरीचा इतिहास त्यांनीच लिहिला. म्हणजे कादंबरी पारखणारी स्त्री अध्यक्ष झाली, कादंबरी लिहिणारी झाली नाही. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने ‘हिंदोळ्यावर’, ‘बळी’ लिहिणाऱ्या मालतीबाई बेडेकरांना १९८१ मध्ये अध्यक्षपद मिळाले ते मुंबईच्या समांतर संमेलनाचे. त्या वर्षी मुख्य संमेलन अकोल्याला गो. नी. दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली झाले.

लेखिकांची लोकप्रियताच त्यांच्या आड आली, असे कुणी म्हणेल. पण खप हा दोष मानला गेला असता, तर तो पुरुषांच्याही आड आला असता. तसे घडलेले नाही. प्रेमकथांनी घरोघर पोचलेले ना. सी. फडके १९४० मध्ये रत्नागिरीला अध्यक्ष झाले, पुढच्याच वर्षी सोलापूरला वि. स. खांडेकर.

दुसरी यादी साहित्य अकादमी पुरस्कारांची. १९६० मध्ये खांडेकरांची ‘ययाति’, १९६४ मध्ये रणजित देसाईंची ‘स्वामी’. दोन्ही अफाट वाचल्या गेलेल्या कादंबऱ्या. ‘ययाति’साठी पुढे ज्ञानपीठही आले. स्त्रियांना मराठीचे पुरस्कार मिळाले ते इरावती कर्वे यांना ‘युगान्त’साठी (१९६८), दुर्गाबाईंना ‘पैस’साठी (१९७१), गोदावरी परुळेकरांना ‘जेव्हा माणूस जागा होतो’साठी (१९७२), इंदिरा संतांना ‘गर्भरेशीम’साठी (१९८४) आणि विजयाबाईंना मर्ढेकरांच्या कवितेवरील समीक्षेसाठी (१९९३). स्त्रीने लिहिलेल्या कादंबरीला हा मान मिळायला २००६ साल उजाडले : नागपूरच्या आशा बगे यांची ‘भूमी’.

या सगळ्या काळात मराठी बायका कादंबऱ्या लिहीत नव्हत्या काय? शेजारच्या वाशीममध्ये जन्मलेल्या गीता साने १९३६ पासून लिहीत होत्या. योगिनी जोगळेकरांच्या पुस्तकांनी शंभरी ओलांडली. कुमुदिनी रांगणेकर, स्नेहलता दसनूरकर, शैलजा राजे, ज्योत्स्ना देवधर, रत्नागिरीच्या आमदार राहिलेल्या डॉ. कुसुम अभ्यंकर यांची पुस्तके वाचनालयांतून हातोहात फिरली. त्यांचे जग ‘माहेर’, ‘मेनका’सारख्या मासिकांचे आणि दिवाळी अंकांचे. दुसरीकडे ‘सत्यकथा’ आणि मौज प्रकाशन यांच्या वर्तुळात कमल देसाई, विजया राजाध्यक्ष, गौरी देशपांडे, सानिया, आशा बगे वाचल्या जात. त्यांच्यावर गंभीर चर्चा होई. एकीच्या वाट्याला परीक्षण, दुसरीच्या वाट्याला वाचक.

यातले बरेच लोकप्रिय लेखन साचेबद्ध होते, हे मान्य करायला हवे. याद्या निवडीची कारणे सांगत नाहीत, म्हणून एखाद्या समितीवर वा संपादकावर ठपका ठेवणेही न्याय्य नाही. पण दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या की एवढे ठामपणे म्हणता येते : लोकप्रिय पुरुष कादंबरीकाराला साहित्याच्या मुख्य दालनात यायला वाट होती, तेवढ्याच वाचल्या गेलेल्या स्त्रीला ती मिळाली नाही. पुरुषाचा वाचक हा त्याचा गौरव ठरला, स्त्रीचा वाचक ही तिची मर्यादा.

हा इतिहास पूर्ण करणारी कागदपत्रे पुण्या-मुंबईपेक्षा आपल्या केळापूर तालुक्यासारख्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयांत शोधायला हवीत. कोणती कादंबरी केव्हा घेतली हे दाखल नोंदवही सांगते, ती किती वेळा बाहेर गेली हे देवघेवीच्या नोंदी. जीर्ण पुस्तकांच्या निर्लेखनात सर्वांत आधी निघतात त्या याच कादंबऱ्या, कारण त्या सर्वांत जास्त हाताळलेल्या असतात. पुस्तक काढावेच लागले तर निदान त्याची नोंदवही रद्दीत जाऊ देऊ नये. परीक्षण लिहिणाऱ्यांनी ज्यांची दखल घेतली नाही, त्यांची दखल तालुक्याच्या वाचकांनी घेतली होती, याचा पुरावा त्या वहीखेरीज दुसरीकडे क्वचितच मिळेल.