प्रमाथी : एका शब्दाचा अर्थ आणि अनर्थ

१/ ‘मिरे रक्तवाहिन्यांतील ब्लॉकेज काढतात, ग्रंथात लिहिले आहे’ असे संदेश सर्रास फिरतात. ग्रंथात नेमके काय आहे?

२/ शार्ङ्गधरसंहितेत शब्द आहे ‘प्रमाथी’. जे द्रव्य स्वतःच्या वीर्याने स्रोतसांत साचलेले दोष बाहेर काढते, ते प्रमाथी. उदाहरणे दोन : मिरे आणि वेखंड. धातू ‘मथ्’, म्हणजे घुसळणे. याच्या उलट ‘अभिष्यंदी’, स्रोतसे जड करून अडवणारे, उदाहरण दही.

३/ ही कल्पना केवळ आपलीच नव्हे. यूनानी वैद्यकात अडथळा म्हणजे ‘सुद्दा’ आणि तो उघडणारे औषध ‘मुफत्तिह’. आपल्या ‘फत्ते’चे मूळही याच अरबी धातूत आहे. युरोपीय वैद्य अशा औषधांना ‘डीऑब्स्ट्रुअंट’ म्हणत.

४/ मात्र स्रोतस म्हणजे केवळ रक्तवाहिनी नव्हे. चरकाच्या विमानस्थानात १३ स्रोतसे येतात; त्यांत अन्न, उदक, स्वेद यांचेही मार्ग आहेत.

५/ १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली. तिथे तयार झालेले पेनिसिलिन कोणताही मार्ग मोकळा करीत नाही. ते जिवाणूची पेशीभित्तिका बनू देत नाही. शब्दच नव्हे, रोगाची कल्पनाच बदलली होती.

६/ म्हणून ‘प्रमाथी’चे भाषांतर ‘ब्लॉकेज काढणारे’ असे करणे हा ग्रंथावर अन्याय आहे आणि रुग्णाच्या जिवाशी खेळही. छातीत कळ आली, तर मिरे शोधू नयेत, रुग्णालय गाठावे.