माल आहे की नोंद आहे?

दुकानदाराला "अमुक आहे का हो?" विचारलं की तो फडताळाकडे बघून सांगायचा. हाच प्रश्न यंत्राला कसा विचारला जाऊ लागला, ते आज आपण पाहू.

१९७० साली एडगर कॉड यांचा रिलेशनल मॉडेलवरचा निबंध आला. त्यातली उदाहरणं बघा, पुरवठादार, सुटे भाग, नग, म्हणजे कोठारातलीच! नोंद आत कशी ठेवलीय हे विचारणाऱ्याला ठाऊक असण्याची गरज नाही, असं त्यांचं म्हणणं. २६ जून १९७४ला ओहायोतल्या ट्रॉय गावी मार्श सुपरमार्केटात च्युइंग गमचं पाकीट बारकोड वाचून विकलं गेलं. पुढे २००२मध्ये अ‍ॅमेझॉनने आपली मालाची यादी बाहेरच्या प्रोग्रामरांना खुली केली.

आता खरी गंमत. शॉपिफायच्या एपीआयला नुसतं "किती?" विचारून भागत नाही. कुठला आकडा हवा, ते नावानिशी सांगावं लागतं. दुकानात दहा नग आहेत, तीन ऑर्डरीत अडकलेत. मग विकायला मोकळे सातच. साठा संपल्यावरही विक्री चालू ठेवली तर हा आकडा उणे होतो. आम्ही तत्त्वज्ञानवाले इथे थबकतो. उणे दोन साबण कुणी पाहिलेत? ते साबण नव्हेतच, दोन गिऱ्हाइकांना दिलेला शब्द आहे तो.

फुटलेली बरणी मात्र एपीआयला दिसत नाही. कुणी फडताळापाशी जाऊन ती वजा करेपर्यंत ती "आहे"च.